मेलेल्यांची डोईपट्टी

१८४१ च्या अखेरीस मॉस्कोच्या सेन्सॉर समितीपुढे निकोलाय गोगोलचं एक हस्तलिखित आलं. नाव ‘मृत आत्मे’. अध्यक्षांच्या खुर्चीतले गृहस्थ शीर्षक ऐकूनच उखडले. आत्मा अमर असतो, मृत आत्मा अशी वस्तूच नाही, हा लेखक अमरत्वावरच उठलाय! कुणीतरी समजावलं की इथे आत्मा म्हणजे खानेसुमारीच्या वहीतली माणसं, जमीनदाराच्या मालकीचे शेतकरी. गृहस्थ आणखी बिथरले. मग तर मुळीच नाही, हे भूदासपद्धतीच्या विरोधात आहे. दुसऱ्या एका सदस्याला भाव खटकला. एका आत्म्याचे अडीच रूबल? नुसत्या कागदावरच्या नावाचे का असेनात, माणसाच्या मनाला हे पटत नाही. फ्रान्स-इंग्लंडात असलं कोणी छापू देणार नाही, आणि हे वाचल्यावर एकही परदेशी माणूस आपल्याकडे फिरकणार नाही. आणखी कुणाला भीती अशी, की लोक पुस्तकातल्या नायकाचा कित्ता गिरवतील.

ही हकीकत गोगोलने जानेवारी १८४२ मध्ये एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात आहे, म्हणजे त्यात लेखकाने आपलं तिखट-मीठ थोडं घातलं असणार. तरी हे सेन्सॉरवाले मला नंतरच्या बऱ्याच वाचकांपेक्षा हुशार वाटतात. पुस्तकाचा नेम कुठे आहे हे त्यांना लगेच दिसलं. आपण मात्र गेली पावणेदोनशे वर्षं ‘मृत आत्मे’ ही माणसाच्या हावरटपणावरची कादंबरी आहे असं एकमेकांना सांगत आलोय. शाळा-कॉलेजात तशीच शिकवली जाते, पुस्तकाच्या मागच्या पानावर तसंच छापलेलं असतं. मला हे वाचन चुकीचं वाटतं. चुकीचं आणि सोयीचंही, कारण हाव म्हटलं की दोष कुणा एकाच्या पोटात शोधता येतो, आणि वही तशीच कपाटात राहते.

माझी नोकरी बँकेत गेली, त्यातली बरीच वर्षं कर्जविभागात. पहिल्यांदा ही कादंबरी वाचली तेव्हा नुसता हसलो होतो. निवृत्तीनंतर पुन्हा घेतली ती पेन्सिल हातात धरून, आणि नायक चिचिकोव्हची सगळी योजना एखाद्या कर्जप्रकरणासारखी मांडून पाहिली. तेव्हा हसू आलं नाही. प्रकरण अगदी नियमात बसत होतं.

व्यवहार असा. पीटर द ग्रेटने १७१८ मध्ये माणसं मोजायचा हुकूम काढला आणि १७२४ पासून डोईपट्टी सुरू झाली. प्रत्येक पुरुषामागे कर, मग तो तान्हा असो की म्हातारा. भूदासांच्या बाबतीत तो सरकारजमा करायची जबाबदारी जमीनदाराची. या मोजणीला ‘रेव्हिझिया’ म्हणत आणि मोजलेल्या डोक्याला ‘आत्मा’. आपण ‘शंभर डोई’ म्हणतो तसं ते ‘शंभर आत्मे’ म्हणत, आणि जमीनदाराची ऐपत एकरांत न सांगता आत्म्यांत सांगत. आता अडचण ही की अशा मोजण्या १८५८ पर्यंत, म्हणजे सुमारे १४० वर्षांत, फक्त दहा झाल्या. मधल्या काळात कोणी मेलं तर पुढची मोजणी होईपर्यंत सरकारच्या लेखी तो जिवंत. त्याची पट्टी चालूच. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच, आणि ते खाणारं पहिलं तोंड सरकारचं आहे. चिचिकोव्ह फार नंतर पंगतीला येतो.

हा पावेल इवानोविच चिचिकोव्ह, मध्यम वयाचा, ना जाड ना बारीक, गोडबोल्या, कधीकाळी कस्टम खात्यातून बडतर्फ झालेला. त्याच्या डोक्यात हिशेब येतो. मेलेल्या भूदासांचा भार जमीनदारांना नकोच आहे, ते कवडीमोलाने देतील. असे हजार आत्मे खरेदीखत करून नावावर घ्यायचे. नुकतीच साथ येऊन गेली आहे, देवाच्या दयेने माणसंही बरीच मेली आहेत (हे ‘देवाच्या दयेने’ त्याचंच). स्वतःची जमीन नाही, हरकत नाही. दक्षिणेत खेरसोनकडे सरकार पडीक जमीन फुकट देतंय, तिथे वसवायला नेतोय असं दाखवायचं. मग हे हजार आत्मे विश्वस्त मंडळाकडे गहाण टाकायचे. आत्म्याला दोनशे रूबल धरले तरी दोन लाख.

हे विश्वस्त मंडळ काय होतं हे कळल्यावर मी पेन्सिल खाली ठेवली. १७६३ मध्ये सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरिनने मॉस्कोत टाकून दिलेल्या पोरांसाठी अनाथगृह काढलं. त्याचा कारभार पाहणारं हे मंडळ. पुढे त्याला कर्जखातं जोडलं, जमीनदारांनी भूदास गहाण टाकून कर्ज घ्यावं आणि व्याजातून अनाथ पोरं पोसली जावीत. म्हणजे जिवंत शेतकऱ्याला गहाण टाकून बेवारस मुलाला दूध. यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं. चिचिकोव्हने फक्त एवढंच ओळखलं की या खात्याला माणूस नको असतो, नाव हवं असतं.

तारणाची स्थळपाहणी हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. म्हशीवर कर्ज द्यायचं तर म्हैस गोठ्यात आहे ना हे कुणीतरी जाऊन बघतं, निदान बघितल्याची सही तरी करतं. माझ्या टेबलावर असे कितीतरी सातबारे आले की ज्यांवर अर्जदाराच्या आजोबांचं नाव ठणठणीत होतं आणि आजोबांना जाऊन वीस वर्षं झालेली. वारसनोंद कोणी घातलीच नव्हती. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मृत खातेदारांची नावं काढून वारस लावायची मोहीम घेतली, तिचं नाव ‘जिवंत सातबारा’. गोगोलला हे नाव आवडलं असतं. पण आपल्याकडचा आणि तिथला फरकही लक्षात ठेवला पाहिजे. सातबाऱ्यावर माणूस मालक म्हणून मेलेला असतो. रशियन वहीत तो माल म्हणून मेलेला होता.

या कादंबरीतली मला सगळ्यात भयंकर वाटणारी जागा विनोदी म्हणून प्रसिद्ध आहे. पावसात वाट चुकून चिचिकोव्ह कोरोबोच्का नावाच्या विधवा जमीनदारणीकडे मुक्काम करतो. बाई काटकसरी, मध विकणारी, कुठे दोन पैसे कमी तर मिळत नाहीत ना या काळजीत रात्रंदिवस. चिचिकोव्ह म्हणतो, तुमचे मेलेले भूदास मला द्या. ती विचारते, म्हणजे काय, उकरून काढणार आहात की काय? मग तिला शंका, भावात फसतेय का मी? जरा थांबते, दुसरे व्यापारीही येतील, भाव विचारून घेते. शिवाय प्रपंचात कधी लागले तर? चिचिकोव्ह घामाघूम होतो, वाचक हसून बेजार.

याच बोलण्याच्या ओघात ती सहज सांगून जाते की मेलेले मी कधी विकले नाहीत बाई, जिवंत विकलेत. दोन वर्षांपूर्वी धर्मगुरूंना दोन पोरी दिल्या, शंभर-शंभर रूबलला. फार आभार मानले त्यांनी. इतक्या कामसू निघाल्या, हातरुमाल स्वतः विणतात!

एवढंच. एक वाक्य येतं आणि जातं. चिचिकोव्ह दचकत नाही, बाई दचकत नाही, आणि मी तर म्हणेन, आपणही दचकत नाही. आपण पुढच्या विनोदाकडे धावत असतो. दोन जिवंत मुली एका धर्मगुरूला विकल्या हे त्या खोलीत हवापाण्यासारखं बोललं जातं आणि मेलेल्यांची नावं विकायची म्हटल्यावर मात्र सगळ्यांना ‘हे काहीतरी विचित्रच’ वाटतं. कादंबरीची धार इथे आहे. चिचिकोव्हचा गुन्हा हास्यास्पद वाटतो, कारण त्याच्या शेजारचा कायदेशीर व्यवहार आपण बघतच नाही. त्याने अठरा मेलेले घेतले पंधरा रूबलला, कुणाच्या अंगाला ओरखडाही न काढता. धर्मगुरूंनी दोन जिवंत घेतल्या दोनशेला. यातला भामटा कोण हे ठरवायला मला फार वेळ लागत नाही.

मनिलोव्ह हा दुसरा नमुना. इतका गोड की त्याच्याशी बोलताना तोंड चिकट होईल. तो मेलेले फुकट देतो, वर खरेदीखताचा खर्चही स्वतः सोसतो. त्याला हाव म्हणून नाहीच. त्याला फक्त एक शंका आहे, हा व्यवहार रशियाच्या नागरी नियमांना आणि पुढच्या धोरणांना धरून होईल ना? चिचिकोव्ह सांगतो, सरकारचा उलट फायदा आहे, नोंदणीचं शुल्क मिळेल. मनिलोव्हचं समाधान होतं. हावरटपणाचा सिद्धांत इथेच लंगडा पडतो. निर्लोभी, सुस्वभावी, बायकोवर प्रेम करणारा हा माणूस त्याच यंत्राला तेवढ्याच सहज वंगण घालतो. त्याच्याकडे किती माणसं मेली हे त्याला स्वतःला माहीतही नसतं. कारभाऱ्याला बोलावून विचारावं लागतं, आणि कारभाऱ्यानेही मोजलेलं नसतं.

सोबाकेविच या सगळ्यांहून पक्का. तो सुरुवातच शंभर रूबलपासून करतो आणि मेलेल्यांची तारीफ सुरू करतो. मिखेयेव्हसारखा बग्ग्या बनवणारा सापडायचा नाही. स्तेपान प्रोब्का सुतार म्हणजे नुसता राक्षस. विटांच्या भट्ट्या रचणारा मिलुश्किन कुठल्याही घरात शेगडी बसवून देईल. चिचिकोव्ह म्हणतो, अहो, पण हे मेलेत ना? सोबाकेविच जरा भानावर येतो आणि म्हणतो, मेलेत खरे. पण आता जे जिवंत म्हणून मोजले जातात ती तरी काय माणसं आहेत? माश्या आहेत माश्या! शेवटी सौदा अडीच रूबलला ठरतो. सेन्सॉरला खटकलेला भाव तो हाच. इथे एक उपरोध असा की साऱ्या पुस्तकात या कारागिरांची कदर करणारा, त्यांचा हात कशात चालायचा हे सांगणारा मालक एकटा हा कसाईच. कदर करतो कारण भाव वाढवायचाय.

आता समोरचा पक्ष. तो दुबळा नाही, आणि त्याची वकिली खुद्द गोगोलनेच केली आहे. अकराव्या प्रकरणात चिचिकोव्हचं पूर्वायुष्य येतं. बाप शाळेत घालताना सांगतो, मित्र दगा देईल, पण कोपेक (रूबलचा शंभरावा हिस्सा) दगा देणार नाही. पोरगा वर्गातल्या भुकेल्या श्रीमंत मुलांना वेळ साधून पाव विकतो. पुढे एका सरकारी इमारतीच्या समितीवर जातो. सहा वर्षांत इमारत पायाच्या वर येत नाही आणि समितीच्या एकेका सदस्याचं स्वतःचं देखणं घर मात्र उभं राहतं. (या परिच्छेदाला तळटीप लागत नाही, कुठल्याच देशात.) मग गोगोल त्याला नाव देतो, ‘मिळवणारा’. मिळवण्याची हौस हेच सगळ्याचं मूळ, असं स्पष्ट म्हणतो, आणि वाचकाकडे वळून विचारतो, माझ्यातही चिचिकोव्हचा काही अंश नाही ना, असं तुमच्यापैकी कोण स्वतःला विचारेल?

प्रश्न खरा आहे. मी स्वतःला विचारून पाहिला आहे आणि उत्तर सांगण्यासारखं नाही. प्ल्यूश्किनचं काय, असंही कोणी विचारेल. हजाराहून जास्त आत्म्यांचा हा धनी अंगावर चिंध्या घालून फिरतो, वाटेत दिसलेला जुना तळवा, खिळा, फुटकं खापर उचलून घरातल्या ढिगावर टाकतो. कोठारात धान्य कुजलंय, पीठ दगड होऊन कुऱ्हाडीने फोडावं लागेल. पाहुण्याला काय देऊ तर मुलीने कधीकाळी आणलेल्या ईस्टरच्या केकचा वाळका तुकडा, वरची बुरशी खरवडून. हाव माणसाला कुठे नेऊन ठेवते याचं याहून मोठं चित्र कुठल्या वाङ्मयात असेल तर मला ठाऊक नाही. ही हाव नाही तर काय?

हावच आहे. पण सोबाकेविच त्याच्याबद्दल काय सांगतो ते आठवा: त्याच्याकडे माणसं माश्यांसारखी मरतात. मागच्या मोजणीपासून शंभरावर मेलीत. कंजूष म्हातारे जगभर असतात. आपल्याकडेही वाड्यात एखादा असायचाच, दिव्यात तेल नको म्हणून संध्याकाळी लवकर निजणारा. त्याने फार तर स्वतःची आणि पोराबाळांची उपासमार केली. प्ल्यूश्किनच्या कोठारातलं धान्य कुजतं तेव्हा हजार माणसं उपाशी राहतात, कारण ती त्याच्या कोठारासारखीच त्याच्या मालकीची आहेत. उठून दुसऱ्या गावी कामाला जायची सोय नाही. जी गेली ती वहीत ‘फरारी’ झाली, आणि त्यांचीही नावं चिचिकोव्ह स्वस्तात विकत घेतो. दुर्गुण माणसाचा असतो. तो किती जणांचा जीव घेईल हे कायदा ठरवतो.

गोगोलला हे पटलं नसतं. त्याने पुढची दहा वर्षं उलट दिशेला घालवली. चिचिकोव्हचं हृदयपरिवर्तन करायचं, त्यासाठी चांगली माणसं दाखवायची, असा दुसऱ्या भागाचा बेत होता. आज त्याचे तुकडेच उरलेत, आणि त्यांत एक मुराझोव्ह आहे, संत म्हणावा असा कोट्यधीश, चिचिकोव्हला सन्मार्गाचा उपदेश करणारा. या पुण्यात्म्याचा धंदा काय? मक्तेदारी. तेव्हाच्या रशियात मक्तेदार म्हटलं की डोळ्यांपुढे यायचा दारूचा मक्ता: सरकारला ठोक रक्कम भरायची आणि गावोगावच्या गुत्त्यांतून शेतकऱ्यांचे कोपेक ओरपायचे. लोकांचा याइतका राग दुसऱ्या कुठल्या धंद्यावर क्वचितच असेल. आणि गोगोल सांगतो की याने सगळा पैसा निष्कलंक मार्गाने मिळवला. जो लेखक सोबाकेविचच्या खुर्च्यांत सोबाकेविच दाखवू शकत होता, त्याला मुराझोव्हच्या तिजोरीत काही दिसू नये? माझ्या मते हे प्रतिभा आटल्याचं लक्षण नव्हतं. प्रश्न हावेचा आहे असं एकदा ठरवलं की उत्तर म्हणून निर्लोभी श्रीमंतच शोधावा लागतो, आणि तो कागदावर उभा राहत नाही. फेब्रुवारी १८५२ मध्ये, मरणाच्या काही दिवस आधी, गोगोलने दुसऱ्या भागाचं हस्तलिखित शेगडीत घातलं. त्यामागे त्याची ढासळलेली प्रकृती होती, धार्मिक भीती होती. पण आतल्या कलावंताला खोटं ऐकू येत असावं, असं मला वाटत आलंय.

मधे १८४७ मध्ये त्याने मित्रांना लिहिलेल्या निवडक पत्रांचं पुस्तक काढलं आणि त्यात भूदासपद्धतीची पाठराखण केली. समीक्षक बेलिन्स्की तेव्हा क्षयाने खंगला होता. त्याने गोगोलला जे पत्र लिहिलं त्याचा आशय असा, की रशियाला प्रवचनं पुरे झाली, प्रार्थना पुरे झाल्या. हवी आहे माणसाच्या प्रतिष्ठेची जाणीव, कायदे, आणि भूदासपद्धतीचा अंत. हे पत्र छापणं शक्यच नव्हतं, हस्तलिखित प्रती फिरत राहिल्या. एका बैठकीत ते मोठ्याने वाचून दाखवलं हा दस्तयेवस्कीवरच्या आरोपांतला एक मुख्य आरोप होता. १८४९ मध्ये त्याला मृत्युदंड सुनावला गेला आणि वधस्थानी नेऊन ऐनवेळी सैबेरियाची सक्तमजुरी दिली. हावरटपणाविरुद्ध बोलणाऱ्याला कुठलंच सरकार सैबेरियात पाठवत नाही.

आता बँकवाल्याच्या नजरेतून शेवटचा हिशेब. १८५९ च्या सुमारास रशियातल्या जमीनदारांचे जवळपास दोनतृतीयांश भूदास सरकारी पतसंस्थांकडे गहाण होते. खरे, जिवंत, हाडामांसाचे. म्हणजे चिचिकोव्हला सुचलेली गोष्ट सगळा वर्ग करतच होता; फरक इतकाच की त्यांचं तारण श्वास घेत होतं. १८६१ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरने भूदासांना मुक्त केलं. जमिनीच्या मोबदल्याची रक्कम सरकारने जमीनदारांना रोख्यांत दिली, आणि देताना त्यांची थकलेली कर्जं त्यातून वळती करून घेतली. ही सगळी रक्कम मुक्त झालेल्या शेतकऱ्यांनी ४९ वर्षं हप्त्याने फेडायची होती. १९०५ च्या उठावानंतर, १९०७ पासून ते हप्ते माफ झाले. मालकाने गहाण टाकलेल्या माणसानेच मालकाचं कर्ज फेडलं. माझ्या सबंध नोकरीत तारणाने कर्ज फेडल्याचं प्रकरण मी पाहिलं नाही. चिचिकोव्हची योजना यापुढे पोरखेळ वाटते, आणि त्याच्या मेलेल्यांना निदान हप्ते तरी भरावे लागले नसते.

सातव्या प्रकरणात एक सकाळ आहे. चिचिकोव्हकडे एव्हाना चारशेला थोडे कमी आत्मे जमलेत. खतं स्वतः लिहावीत, कारकुनाचे पैसे वाचतील म्हणून तो याद्या पुढे ओढतो आणि नावं वाचता वाचता थबकतो. काय काय केलंत रे बाबांनो तुम्ही आयुष्यात? स्तेपान प्रोब्का, कुऱ्हाड कमरेला लावून मुलूख हिंडला असशील, शेवटी चर्चच्या घुमटावरून पडलास का? फरारी लोकांपाशी तो आणखी रेंगाळतो. कोण तुरुंगात असेल, कोण व्होल्गावर बोटी ओढत असेल. पूर्ण कादंबरीत या यादीतल्या माणसांची माणसं म्हणून आठवण काढणारा एकमेव प्राणी हा भामटा आहे. मालकांना जमलं नाही, न्यायकचेरीतल्या बाबूंना जमलं नाही. गावातला सरकारी वकील पुढे अफवांच्या धसक्याने मरतो, तेव्हा तर लोकांना पहिल्यांदा कळतं की त्यालाही आत्मा होता, फक्त विनयाने त्याने कधी दाखवला नव्हता.

वाचता वाचता चिचिकोव्हचं बोट सोबाकेविचच्या यादीतल्या एका नावावर येतं. येलिझावेता व्होरोबेय. बाई! डोईपट्टी फक्त पुरुषांवर, त्यामुळे वहीत बाईची किंमत शून्य, मेलेलीचीही नाही. सोबाकेविचने नावाचं शेवटचं अक्षर असं फिरवलंय की लांबून पुरुषाचं वाटावं. चिचिकोव्ह त्याला शिवी हासडतो, लेखणी उचलतो आणि ते नाव तिथल्या तिथे खोडून टाकतो.